आपा आणि दहावी लेन

आपांनी कुणाला ‘छान’ म्हटलेलं मी पाच वर्षांत एकदाही ऐकलं नाही. त्यांच्याकडचा कौतुकाचा सर्वांत मोठा शब्द होता ‘चालेल’. तोही वर्षातून दोनदा, आणि म्हणताना चेहरा असा, की कुणी बळजबरीने कारल्याचा रस पाजलाय. बाकी सगळ्या तुच्छतेच्या पायऱ्या. “हे काय आहे?” ही पहिली पायरी. “हे कोणी केलं?” ही दुसरी. आणि तुमचं काम हातात घेऊन, काही न बोलता त्या खिडकीबाहेर बघायला लागल्या, की आपण समजायचं, आज पोट दुखतंय म्हणून घरी गेलेलं बरं.

आमचं संशोधन केंद्र भिवंडीत होतं, यावर पुण्याची माणसं अजून हसतात. हसू देत. निजामपुऱ्याच्या कडेला एक लूमचा कारखाना बंद पडला होता. तो एका शिक्षणसंस्थेनं घेतला, त्याला पांढरा रंग फासला आणि दारावर संशोधन केंद्राची पाटी ठोकली. रंग फासल्यानं भिंती काही थरथरायच्या थांबल्या नाहीत. डावीकडे लूम, उजवीकडे लूम, मागच्या गल्लीत लूम. वजनकाटा पहिल्या मजल्यावर ठेवला तर आकडा नाचायचा, म्हणून तो तळमजल्याला जिन्याखाली, संडासाच्या दाराला लागून ठेवलेला. पाहुणे आले की डायरेक्टरसाहेब त्यांना सगळं केंद्र हिंडवून दाखवायचे, तो कोपरा सोडून. शुक्रवारी लूमना सुट्टी. तेवढा एक दिवस आम्हाला एकमेकांचं बोलणं ऐकू यायचं, आणि ऐकण्यासारखं कुणी काही बोलायचं नाही.

ही दोन हजार सालानंतरची पाच-सहा वर्षं. लोडशेडिंगचा कहर होता. जनरेटर होता, पण त्यावर डायरेक्टरसाहेबांच्या केबिनचा पंखा आधी चालायचा आणि डीप फ्रीजर नंतर. आमचा बर्फ यायचा मासळीवाल्यांच्या बर्फ फॅक्टरीतून, आणि सोबत बांगड्याचा वास फुकट. अशा ठिकाणी आम्ही म्हणे पेशीचं गूढ उकलणार होतो!

आपा याच केंद्रात शास्त्रज्ञ होत्या. पीएचडी झालेल्या, चाळिशीच्या, ठेंगण्या. डोक्यावर ओढणी, अंगात पांढरा कोट, पायात रबरी चपला. निजामपुऱ्यातल्याच एका जुन्या कोकणी मुसलमान घरातल्या. भावांचे लूम होते. बहीण शिकून परदेशी जाईल, नाहीतर लग्न करून जाईल, असं भावांना वाटत होतं. ती दोन्ही न करता घरापासून दहा मिनिटांवर प्रोटीनं शोधत बसली. शिपायापासून डायरेक्टरपर्यंत सगळे त्यांना आपाच, म्हणजे ताईच, म्हणत. अकरा वर्षं त्या हंगामी होत्या. दर जूनमध्ये त्यांची ऑर्डर नव्यानं निघायची, आणि निघेपर्यंतचे पंधरा दिवस डायरेक्टरसाहेब त्यांच्याशी उपकार केल्यासारखे बोलायचे.

मी त्यांचा पीएचडीचा विद्यार्थी. खाडीकाठच्या गावातला आगरी पोरगा, आडनाव पाटील. घरात शाळा ओलांडलेला पहिलाच. माझ्या आईनं गावभर सांगून ठेवलेलं, “माजा पोर डाक्टर व्हनार हाय, पन सुई मारनारा न्हाय.” मग तो करणार काय, हे कुणी विचारलं की ती माझ्याकडे बोट दाखवायची आणि मी तिथून सटकायचो.

पहिल्याच दिवशी मी आपांसमोर हुशारी पाजळायला गेलो. एमएस्सीला पहिला वर्ग, पाठांतर खणखणीत. एपिटोप टॅग म्हणजे काय, याची इंग्रजी व्याख्या धडाधड म्हणून दाखवली. आपांनी ती शेवटपर्यंत ऐकून घेतली. “झालं? आता तुझ्या आईला कळेल असं सांग.” मला येईना. “मग तुलाही कळलेलं नाही,” त्या म्हणाल्या, आणि त्यांनीच सांगितलं. “वज्रेश्वरीच्या जत्रेला जाता ना तुम्ही लोक? हजार पोरं गर्दीत. आपलं हरवू नये म्हणून आई त्याच्या मनगटाला लाल फडकं बांधते. पेशीत प्रोटीनं हजारो. आपल्याला हवं असेल त्याच्या शेपटाला आपण एक छोटा तुकडा जोडतो. तो टॅग, तेच लाल फडकं. आणि अँटिबॉडी म्हणजे फक्त लाल फडकं ओळखणारा हवालदार. बाकी कुणाला हात लावत नाही, त्या एका पोराला धरून आणतो. आता सांग, हवालदार खोटा निघाला तर?” उत्तराची वाट न बघता त्याच पुढे म्हणाल्या, “म्हणून कंट्रोल. ज्याच्या हाताला काहीच बांधलेलं नाही असं पोर आधी त्याला दाखवायचं. त्यालाही त्यानं धरलं, तर हवालदार घरी पाठवायचा.” माझ्या आईला मी संध्याकाळी हे जसंच्या तसं सांगितलं. तिला पाच मिनिटांत कळलं. मला एमएस्सीची दोन वर्षं लागली होती.

कंट्रोल, कंट्रोल, कंट्रोल. दिवसभर तोच जप. रोज सकाळी मी काळ्या पट्ट्यांची फिल्म घेऊन जायचो. त्या पट्टीला आम्ही बँड म्हणतो; जिथं अँटिबॉडी चिकटली तिथं फिल्म काळी पडते. मी बँड दाखवायचो, आपा बँडच्या शेजारची लेन, म्हणजे दुसऱ्या नमुन्याची उभी रांग, बघायच्या. “कंट्रोल कुठाय?” मी म्हणायचो, “आपा, बँड एवढा स्वच्छ आहे.” त्या म्हणायच्या, “काळं काहीही पडतं, पाटील. तव्याचा तळही काळाच असतो. त्याला प्रोटीन म्हणतोस का?”

एकदा दुधाची पावडर आणायला मला पाठवलं. ब्लॉट करताना प्रोटीनं एका कागदासारख्या पांढऱ्या पडद्यावर उतरवतात, आणि अँटिबॉडी भलत्याच जागी चिकटू नये म्हणून तो पडदा आधी दुधाच्या पावडरीच्या पाण्यात भिजवतात. पावडर बिनसाखरेची, मलई काढलेली लागते. दुकानदारानं विचारलं, “चायके वास्ते?” मी ‘हां’ म्हणून टाकलं, उगीच कोण समजावत बसणार! आठवडाभर फिल्मवर गोवर उठल्यासारखे ठिपके. मी अँटिबॉडीला नावं ठेवली, बर्फाला ठेवली, लूमच्या थरथरीला ठेवली. नाचता येईना अंगण वाकडं. आपांनी पावडरीचा डबा उघडला, बोटाला लावून चाटली, आणि संपूर्ण लॅबसमोर विचारलं, “ब्लॉट करतोयस की शीरखुर्मा?” पुढचा महिनाभर माझ्या चहात तीच पावडर पडत होती. शिपायाला तशी सक्त ताकीद होती.

पण माणूस नुसता कडू नव्हता, हेही सांगितलं पाहिजे, नाहीतर मी खोटारडा ठरेन. एकदा भर मे महिन्यात आमच्या अँटिबॉडीचं पार्सल कुरियरवाल्यांनी राहनाळच्या एका गोडाऊनमध्ये टाकलं आणि विसरून गेले. वर पत्रा, आत भट्टी. तिसऱ्या दिवशी पत्ता लागला. आपा रिक्षा करून निघाल्या, मला सोबत घेऊन. गोडाऊनच्या दारात एक जण खुर्चीवर पाय पसरून बसलेला. “पार्सल हाय, पन साहेब न्हाय. साहेबाबिगर देनार न्हाय.” मी आमच्या भाषेत विनवण्या केल्या. गडी ढिम्म. आपांनी विचारलं, “त्यात काय आहे ठाऊक आहे?” “काय हाय?” “उंदराच्या अंगातली वस्तू आहे. उन्हात नासते.” तो ताडकन उठला. “उंदीर? आरं देवा! न्या, न्या, आत्ताच्या आत्ता न्या!” सहीसुद्धा मागितली नाही.

खोक्यातला बर्फ कधीच विरघळला होता. परतताना आपा ती बोटाएवढी कुपी दोन्ही हातांत धरून बसल्या होत्या आणि ओठ हलत होते. मला वाटलं, कुरियरवाल्याला शिव्या देतायत. नीट ऐकलं तर त्या दुवा मागत होत्या. एका कुपीसाठी! लॅबमध्ये येऊन चाचणी घेतली, अँटिबॉडी जिवंत निघाली. त्या वर्षातलं पहिलं ‘चालेल’ तेव्हा ऐकलं.

आता त्यांच्या एका खोडीबद्दल सांगतो, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यामुळे झालं. प्रोटीनं वेगळी करायला एक पातळ जेलीची वडी ओततात, तिला जेल म्हणतात. ती घट्ट होण्याआधी वरून दहा दातांचा कंगवा खोचतात, म्हणजे दहा खाचा पडतात. एकेका खाचेत एकेक नमुना भरायचा, तो वीज लावली की खाली सरकत जातो, हलकी प्रोटीनं पुढे, जड मागे. ती उभी वाट म्हणजे त्याची लेन. नमुने नऊच असले तर दहावी खाच लोक रिकामी सोडतात. आपांना ते खपायचं नाही. खाच रिकामी राहिली की शेजारच्या लेनचे बँड वाकडे होतात, असं त्यांचं म्हणणं, आणि ते खरंही होतं. “माझ्या लॅबमध्ये रिकामी खाच दिसली तर त्यात तुला भरीन,” असं त्या म्हणायच्या. त्यामुळे आम्ही उरलेल्या खाचेत हाताला लागेल ते ढकलून द्यायचो.

आपांचं नाव होतं ते एका बँडवर. पंधरा वर्षांपूर्वी, त्यांच्या पीएचडीत, त्यांनी दाखवलं होतं की त्यांचं प्रोटीन पेशीत एकटं नसतं, त्याचा एक जोडीदार असतो. टॅग लावलेलं प्रोटीन अँटिबॉडीनं धरून ओढायचं. जोडीदार त्याचा हात सोडत नाही, तोही ओढला जातो. बारीक मण्यांना अँटिबॉडी चिकटवायची, पेशींच्या रसात ते मणी घोळवायचे, धुवायचे, आणि मण्यांवर जे उरलं ते जेलवर चालवायचं. मग फिल्मवर पन्नास किलोडाल्टनच्या वजनाला एक काळाभोर बँड. तो जोडीदार. माझी पीएचडी तिथून पुढे जायची होती, त्या दोघांचं नातं कशासाठी ते शोधायला.

आणि या बँडपाशी आपा, जगाला कंट्रोल विचारणाऱ्या आपा, सगळं विसरायच्या. कंट्रोल होता, नाही असं नाही. त्यांच्या गुरूंनी शिकवलेला: अँटिबॉडी न लावलेले नुसते मणी. ती लेन नेहमी कोरी यायची आणि आपा समाधानानं मान हलवायच्या. याहून वेगळा कंट्रोल त्यांनी कधी मागितला नाही. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. हे मी आज म्हणतोय. तेव्हा मलाही काही सुचलं नव्हतं, उगीच शहाणपणाचा आव आणत नाही.

मग मुंबईच्या एका मोठ्या संस्थेत कायम जागेची जाहिरात आली आणि आपांना मुलाखतीचं पत्र आलं. अकरा वर्षांनी! वयाची अट अशी, की हीच शेवटची संधी. डायरेक्टरसाहेबांनी पेढे मागवले, केंद्राच्या खर्चानं. आपा नेहमीसारख्याच होत्या, फक्त दुपारी डबा खायचं विसरायला लागल्या. मला बोलावून म्हणाल्या, “जुन्या फिल्म पिवळ्या पडल्यात. जोडीदाराची ताजी फिल्म हवी. पुढच्या गुरुवारी मुलाखत आहे. नीट कर. एकदा तरी नीट कर.”

मी नीटच करत होतो. मण्यांना अँटिबॉडी लावून नळ्या तयार होत्या. नळ्या गरगर फिरवणारं सेंट्रिफ्यूज मध्येच लोडशेडिंगनं बंद पडलं, आणि घाईत झाकण उघडताना एक नमुना माझ्या हातून सांडला. राहिले नऊ. दहावी खाच रिकामी सोडायची सोय नाही. तो नमुना ज्या मण्यांवर पडणार होता, ते मणी तसेच नळीत होते. अँटिबॉडी लावलेले, पण पेशींचा एक थेंबही न पाहिलेले. म्हटलं, हेच भरू, जागा तर भरेल. भरले.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास डार्करूममध्ये फिल्म धुतली आणि बाहेर आणून उजेडात धरली. जोडीदाराचे बँड झकास. नुसत्या मण्यांची लेन कोरी. आणि दहाव्या लेनमध्ये, जिथं पेशी नाहीत, प्रोटीन नाही, काहीच नाही, तिथं पन्नासच्या वजनाला काळाभोर बँड. शेजारच्यापेक्षाही ठसठशीत.

समजायला फार वेळ लागला नाही. पकडायला आम्ही जी अँटिबॉडी टाकत होतो ती उंदराची. मण्यांबरोबर तीही जेलवर उतरत होती, आणि तिच्या जड तुकड्याचं वजन नेमकं पन्नास. शेवटी बँड उजळवायला जे औषध टाकायचो, ते उंदराची कुठलीही अँटिबॉडी दिसली की तिला चिकटणारं. म्हणजे पंधरा वर्षं ज्याला जोडीदार म्हणत होतो तो जोडीदार नव्हताच. चोर धरायला पाठवलेल्या हवालदाराचाच फोटो आम्ही चोर म्हणून छापला होता. नुसत्या मण्यांना अँटिबॉडीच नसायची, म्हणून ती लेन कोरी यायची आणि आमची फसगत पक्की व्हायची.

मी काय केलं? कात्री घेतली आणि दहावी लेन कापून टाकली. इतका सोपा गाढवपणा. डोळ्यांसमोर गुरुवार होता. आपांचे भाऊ होते, दर जूनची ती ऑर्डर होती, न खाल्लेला डबा होता. माझी पीएचडीही होती, खोटं कशाला बोलू, पण ती दुसऱ्या नंबरला होती. म्हटलं, एक मुलाखत होऊन जाऊ दे, मग सांगू. कापलेली पट्टी वहीत दडवली आणि फिल्म आपांपुढे नेली.

आपांनी फिल्म हातात घेतली. बँड बघितलेच नाहीत. वरची कड बघितली, मग पेनच्या टोकानं एकेक लेन मोजली.

“नऊ,” त्या म्हणाल्या. “कंगवा दहाचा. दहावी कुठाय?”

“रिकामी होती, आपा.”

“रिकामी? तू? माझ्या लॅबमध्ये?” त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. “आजपर्यंत तू मला घाबरून त्या खाचेत चहासुद्धा ओतला असतास. काय भरलं होतंस?”

त्यांनी हात पुढे केला. मी वही उघडून पट्टी दिली. काय भरलं होतं तेही सांगितलं. त्यांनी पट्टी फिल्मच्या कडेला जुळवली आणि खिडकीपाशी गेल्या. मागच्या गल्लीत लूमची खडखड चालू होती, एवढं आठवतं. मग वळल्या. चेहरा पांढराफटक, पण आवाज तोच, नेहमीचा, सोलून काढणारा.

“स्वतःची पीएचडी वाचवायला फिल्म कापतोस? लाज नाही वाटत?”

मी मान खाली घातली. ‘तुमच्यासाठी कापली’ हे म्हणायला जीभ रेटेना. असं वाक्य आपांसमोर म्हणण्यापेक्षा चोर ठरलेलं परवडलं. त्या तसंच समजून बसल्या असं मला वाटलं, आणि मी तसंच वाटू दिलं.

पुढचे चार दिवस त्यांनी स्वतः काम केलं. पकडायला अँटिबॉडी सशाची, दुसऱ्या एका लॅबमधून हातापाया पडून आणलेली, म्हणजे उंदराची अँटिबॉडी बँडमध्ये घुसायला नको. प्रत्येक वेळी पन्नासची जागा कोरी. तिसऱ्यांदा कोरी आली तेव्हा त्यांनी हातमोजे काढले आणि म्हणाल्या, “पंधरा वर्षं, या अल्लाह! पंधरा वर्षं मी लोकांना कंट्रोल विचारत हिंडले.” आणि हसल्या. आपांना हसताना मी पहिल्यांदा पाहिलं. पुन्हा बघायची इच्छा नव्हती.

डायरेक्टरसाहेबांना कळलं तेव्हा ते केबिनमधून धावत आले. केंद्राची पाटीच त्या बँडवर टांगलेली होती ना. “आपा, वेड्या झालात का? गुरुवार होऊ द्या. जागा पदरात पाडून घ्या, मग काय ते सावकाश बघू. एवढं बारीक कोण बघतंय?”

“मी बघतेय,” आपा म्हणाल्या आणि जेल ओतायला गेल्या. साहेब पंख्याखाली जाऊन बसले, दुसरं त्यांना येत काय होतं?

गुरुवारी मी त्यांचा लॅपटॉप घेऊन एसटीनं सोबत गेलो. बाहेर बाकावर बसलो. प्रत्येक उमेदवाराला पाऊण तास लागत होता. आपा वीस मिनिटांत बाहेर आल्या. पायऱ्या उतरताना मी विचारलं, “काय विचारलं?” “विचारलं, हा निष्कर्ष पक्का आहे का. मी दहावी लेन दाखवली आणि म्हटलं, नाही. पुढचे प्रश्न त्या निष्कर्षावरचे होते, ते मग कुणी विचारले नाहीत.” मग म्हणाल्या, “चहा मात्र चांगला होता.” जागा ज्याला मिळाली त्याच्या पेपरातले बँड मी पाहिलेत. इस्त्री करून ठेवल्यासारखे एकसारखे. ज्यानं आयुष्यात कधी स्वतःवर शंका घेतली नाही अशा माणसाचे बँड तसेच असतात, आणि अशा माणसाला आमच्याकडे पेन्शनपर्यंत नोकरी असते.

आपांनी मासिकाला पत्र लिहून जोडीदारावरचा आपला जुना पेपर मागे घेतला. त्यांच्या गुरूंचा फोन आला. फोनवरचा आरडाओरडा मला टेबलापलीकडे ऐकू येत होता, आणि आपा फक्त “जी सर, जी सर” म्हणत होत्या. त्या जूनमध्ये साहेबांना निधी सापडला नाही आणि आपांची ऑर्डर निघाली नाही. जायच्या दिवसापर्यंत त्या माझी प्रत्येक फिल्म सगळ्यांसमोर हातात घ्यायच्या आणि मोठ्यानं मोजायच्या, “एक, दोन, तीन...” दहापर्यंत. मी जळून खाक व्हायचो. वाटायचं, ज्या बाईसाठी पाप केलं तीच मला रोज चव्हाट्यावर उभं करतेय. मनातल्या मनात मी त्यांना नाही नाही ते बोललो आहे.

त्या जोडीदाराबरोबर माझी पीएचडीही बुडाली होती. दीड वर्षानं मला बंगळूरच्या एका लॅबमध्ये पीएचडी पहिल्यापासून करायची संधी दिसली. शिफारसपत्र हवं होतं आणि मला ओळखणारं दुसरं कुणी नव्हतं. आपा तेव्हा निजामपुऱ्यातल्या मुलींच्या ज्युनियर कॉलेजात अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवत होत्या. स्टाफरूममध्ये गेलो तेव्हा समोर जर्नलांचा ढीग आणि एक मुलगी रडवेली उभी. आपा तिला विचारत होत्या, “हा अमीबा आहे की पापलेट?” ती गेल्यावर मी पत्राचं बोललो.

“तुझ्याबद्दल लिहायला आहे काय?” त्या म्हणाल्या. तरी कागद ओढला. पाच मिनिटांत लिहून पाकीट चिकटवलं आणि चिकटवलेल्या जागेवर आडवी सही ठोकली. “उघडलंस तर मला कळेल.” बस्. ना शुभेच्छा, ना पाठीवर हात. जिना उतरताना मी ठरवलं, आता या बाईचं तोंड बघायचं नाही.

बंगळूरला टेबलापलीकडे पाच माणसं होती. मधल्या वयस्कर प्राध्यापकांनी पाकीट फोडलं, वाचलं, चष्मा काढून पुसला, आणि पुन्हा वाचलं. “मी तीस वर्षं शिफारसपत्रं वाचतोय,” ते म्हणाले, “असलं पत्र पाहिलं नाही. वाचून दाखवू?” मी मान हलवली. म्हटलं, घ्या, इथंही मोजा आता दहापर्यंत. पत्र इंग्रजीत होतं, तीनच ओळींचं, पण माझ्या कानांना ते आपांच्या मराठीतच ऐकू आलं.

“हा मुलगा माझ्याशी एकदाच खोटं बोलला. माझी नोकरी हुकू नये म्हणून बोलला, आणि अर्ध्या मिनिटात पकडला गेला. त्यानंतर मी दररोज तपासलं आहे, पुन्हा बोललेला नाही. याला तुम्ही घ्या, मी हमी देते.”

“खरं आहे का हे?” प्राध्यापकांनी विचारलं.

आपांना माहीत होतं. माझ्या तोंडून एक अक्षर बाहेर पडलं नव्हतं, तरी त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मला हो म्हणायचं होतं. परक्या शहरात, पाच अनोळखी माणसांसमोर, मी हुंदके देऊन रडलो.